चॅप्लेनच हजेरी घेणार असेल तर चॅप्लेन कशाला?

मागच्या बाकावरची

काल एकाने चॅप्लेनबद्दल, म्हणजे शाळेने नेमलेल्या धर्मगुरूबद्दल लिहिलं, ‘ख्रिस्ती शाळेतला चॅप्लेन म्हणजे बसून पोसलेला माणूस. त्याच्याकडे उपासनेची हजेरी, बायबलच्या तासाचे गुण आणि शिस्त सोपवा, म्हणजे पगार तरी फिटेल.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. रात्री झोप लागली नाही, म्हणून लांबलचक लिहिते.

अशाच एका शाळेत मी ९ वर्षं शिकवलं. आठवीतल्या एका मुलीची आई गेली. पंधरा दिवसांनी ती शाळेत आली. मी वर्गशिक्षिका, रोज विचारायचे, ती रोज ‘ठीक आहे मिस’ म्हणायची. समुपदेशनाच्या खोलीत जायचं तर वर्गातून चिठ्ठी घ्यावी लागे, म्हणजे चाळीस डोकी वळून बघणार. आमचे चॅप्लेन मधल्या सुट्टीत वेदीवरची फुलं बदलत. ती जाऊन फुलं धरायला लागली. तीन आठवडे अवाक्षर नाही. मग एक दिवस म्हणाली, ‘मी आईसाठी प्रार्थना केली होती. मग?’ ते म्हणाले, ‘मला माहीत नाही,’ आणि फुलदाणीतलं पाणी बदलत राहिले. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. हे मला तिनेच सांगितलं, शाळा सुटून किती तरी वर्षं झाल्यावर.

त्या माणसाच्या हातात लाल पेन नव्हतं. सबंध शाळेत असा मोठा माणूस तो एकटाच. त्याच्याकडे हजेरीवही दिलीत की उरले फक्त आणखी एक सर.

शिस्तीचा भोक्ता

ते वाक्य माझंच, नाव घ्यायला लाजता कशाला? फुलांची गोष्ट वाचून मलाही गलबललं, पण एका मुलीवरून शाळेचे नियम ठरत नाहीत. उपासना ऐच्छिक करा आणि बाकं मोजा. सत्र संपेपर्यंत चॅप्लेन, ऑर्गनवाल्या बाई आणि मुख्याध्यापकांच्या नजरेत यायला आलेले दोन शिक्षक, एवढेच उरतील.

मला सक्तीने नेत. स्तोत्र पाठ नसलं तर खेळाचा तास बुडे. अस्सा संताप व्हायचा! चाळीस वर्षांनी वडील शेवटच्या आजारात. त्यांना बोलता येत नव्हतं, मला काही सुचत नव्हतं. माझ्या तोंडून तेविसावं स्तोत्र निघालं, अख्खं, न अडखळता. वडिलांचे ओठ हलले. हे मला कुठल्या ऐच्छिक तासाने दिलं असतं? मुलांना विचाराल तर दात घासणंही ऐच्छिकच हवंय.

नास्तिक पण सज्जन

वडिलांच्या प्रसंगापुढे मी काही बोलत नाही. पण त्याच सक्तीतून माझ्यासारखे किती निघाले, ते कोण मोजणार? दहा वर्षं गुडघे टेकले. आज मेणबत्तीचा वास आला की मला देव नाही, शाळेची घंटा आठवते.

आणि बाई, आई गेलेल्या मुलीला प्रशिक्षित माणूस लागतो. ‘मला माहीत नाही’ म्हणायला पगार? ऑस्ट्रेलियात सरकारने २००७ पासून शाळांतल्या चॅप्लेनसाठी पैसे ओतले, एक पालक कोर्टात गेला आणि २०१२ साली तिथल्या सर्वोच्च कोर्टाने धर्म शाळेबाहेर काढला. विषय संपला.

कलमबहाद्दर

कुठे संपला? बातमीचा मथळा वाचून आलात वाटतं. त्या पालकाच्या, म्हणजे विल्यम्सच्या खटल्यात धर्माचा मुद्दा सगळ्या न्यायाधीशांनी फेटाळला. सरकार हरलं ते कायद्याचा आधार नसताना तिजोरीतून खर्च केला म्हणून. मग घाईघाईने कायदा केला, तोही २०१४ मध्ये या योजनेपुरता टिकला नाही. शेवटी पैसे राज्यांमार्फत गेले. योजना चालूच राहिली. शिवाय तिथल्या चॅप्लेनला धर्मप्रसार करायला योजनेच्या नियमांतच मनाई आहे. आणि इथे विषय ख्रिस्ती शाळेचा आहे, सरकारी तिजोरीचा नाही.

कॉयरमधला कावळा

सगळं राहू दे. उपासनेत मुलं का येत नाहीत, ते मी सांगतो. माइक! एक जण प्रार्थनेला उभा राहतो आणि देवाला सगळ्या बातम्या देऊन मगच बसतो. देवाला माहीत नसतं का? दार लावून प्रार्थना करा असं खुद्द येशूने सांगितलं, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात. आमच्याकडे दारं सताड उघडी आणि स्पीकर चार. वर आता गिटार. तीन सूर येणाऱ्याने चार सुरांचं गीत वाजवायचं आणि आम्ही डोळे मिटून सोसायचं.

शिस्तीचा भोक्ता

कावळेबुवा, यात पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. लिहून ठेवा.

झाकली मूठ

लाल पेन नव्हतं म्हणे. आमच्याकडे होतं, झग्याच्या खिशात. दहावीत मी चॅप्लेनना सांगितलं की आता माझा विश्वास राहिलेला नाही. मुख्याध्यापकांना सोमवारी कळलं, आईला मंगळवारी. बुधवारी सकाळच्या प्रार्थनेत ‘आपल्यातल्या एका भरकटलेल्या मेंढरासाठी’ विनंती झाली. सगळे कुणाकडे बघत होते, हे सांगायला नको. तेव्हापासून मी कुणाला मनातलं सांगत नाही. फुलं बिलं ठीक आहे हो.

मागच्या बाकावरची

हे भयंकर आहे. पण म्हणूनच तर मी म्हणतेय...

झाकली मूठ

‘म्हणूनच तर’ नको. माझी गोष्ट तुमच्या मुद्द्याला टेकू म्हणून लावू नका.

पापनिवेदनाचा पाईक

आमच्या कॅथलिकांत हे घडलंच नसतं. पापनिवेदनातलं गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूवर थेट बहिष्कार. एवढंच नव्हे, १९८३ च्या धर्मसंहितेतलं ९८५ वं कलम सांगतं की शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने तिथेच राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन ऐकू नये. एखाद्या वेळी मुलाने आपणहून मागितलं तरच. शिक्षा देणारा आणि क्षमा ऐकवणारा एकच नको, हे आमच्या लोकांना कधीच कळलं होतं. तुमच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडात बघा: थॉमस अरनॉल्ड १८२८ साली रग्बी शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि पुढे चॅप्लेनचं पदही स्वतःकडेच घेतलं. छडी त्याचीच, प्रवचनही त्याचंच.

कलमबहाद्दर

आणि त्याच अरनॉल्डच्या प्रवचनांनी मुलं घडली असं त्याचे विद्यार्थीच आयुष्यभर सांगत राहिले. राहिलं तुमचं गुपित. ते फक्त पापनिवेदनाच्या विधीपुरतं. पोरगं फुटबॉलच्या मैदानावर फादरना काही बोललं, तर त्याला तो शिक्का लागत नाही. झाकली मूठ यांनी पापनिवेदन केलं नव्हतं, गप्पा मारल्या होत्या.

झाकली मूठ

गप्पा. वा! पंधरा वर्षांच्या मुलीने आधी कलम वाचून मग रडायचं का?

पापनिवेदनाचा पाईक

कलमबहाद्दर, जरा सांभाळून बोला. ती ‘केस’ नाही, माणूस आहे.

रोज ऐकणारी

मी शाळेत समुपदेशक आहे. गुपिताचा नियम आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो: तुझं तुझ्याकडे राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कुणी तुझा छळ करत असेल, तर मला पुढे सांगावंच लागेल. मुलं ऐकून घेतात, मग काय सांगायचं ते ठरवतात. विश्वास उडाला हा कुठल्याही यादीतला धोका नाही. त्या चॅप्लेननी चूक केलीच. पण धोका असतानाही ‘गुपित’ म्हणून गप्प बसलेले चॅप्लेन मी पाहिलेत, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. मला तुमच्या फुलांच्या गोष्टीचा त्रास होतो तो इथे. तीन आठवडे मूल गप्प आणि कुणालाच काही पत्ता नाही?

मागच्या बाकावरची

पत्ता नव्हता असं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला एवढंच सांगितलं होतं, ‘ती माझ्याकडे येते, काळजी नको.’ हे लिहायचं राहिलं. मान्य, राहायला नको होतं.

खडूवाला

सगळे एका झग्याभोवती फिरताय. फ्रान्समधला ला साल हा स्वतः धर्मगुरू, तरी १६८० च्या दशकात त्याने ज्या ब्रदर्सची, म्हणजे व्रतस्थ शिक्षकांची संस्था उभी केली त्यांनी पुरोहित व्हायचं नाही असं ठरवलं. शिकवणं हेच त्यांचं सेवाकार्य. आपण देवाच्या सान्निध्यात आहोत याची आठवण त्यांच्या शाळांत भर वर्गात, धड्याच्या मध्ये करून देतात. आमच्याकडे? श्रद्धा चॅप्लेनच्या खात्यावर टाकून बाकीचे मोकळे. स्टाफरूममध्ये मुलांची खिल्ली उडवायची आणि सकाळी आमेन म्हणायचं. मुलं आंधळी नसतात. टवाळकी मी पण केलीय, उगाच संत बनत नाही.

नास्तिक पण सज्जन

पहिल्यांदाच इथे कुणी तरी कामाचं बोललं. आणि कोर्टाचं मी चुकीचं लिहिलं होतं. झालं समाधान, कलमबहाद्दर?

कलमबहाद्दर

निम्मं.

शिस्तीचा भोक्ता

झाकली मूठ यांचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. ठीक आहे, हजेरी वर्गशिक्षकाने घ्यावी आणि गुणही चॅप्लेनने देऊ नयेत. एवढं सोडतो. पण उपासना सक्तीचीच, त्यात एक इंच सरकणार नाही.

झाकली मूठ

सक्तीने बसले असते मी, आत्ताही. फक्त माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची नाही.

कॉयरमधला कावळा

म्हणजे मुद्दा माइकचाच होता ना!