विदर्भातील वावरात ग्लायडर उतरवण्याची वेळ आल्यास निर्णय कोणत्या उंचीवर घ्यावा?

आर्वीकर:
नमस्कार. मी पुण्याला ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचे विमान उडवणे, शिकत असून माझे गाव आर्वी तालुक्यात आहे. एप्रिलमध्ये गावाकडे दुपारी उठणाऱ्या वावटळी आणि पंख न हलवता उंच चढत जाणाऱ्या घारी पाहिल्या, की येथून लांब पल्ल्याचे उड्डाण करता येईल असे वाटते. परंतु वर नेणारी हवा मिळेनाशी झाली, तर खाली वावरांशिवाय काही नाही. एएसके-२१ हे ग्लायडर स्थिर हवेत एक मीटर उंची खर्चून ३४ मीटर पुढे जाते. मग ३०० मीटर उंचीवर दहा किलोमीटर हाती आहेत असे धरून पुढचा थर्मल (तापून वर चढणाऱ्या हवेचा झोत) शोधत राहावे का?

माजी प्रशिक्षक:
नाही. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जाताना हे ग्लायडर सेकंदाला सुमारे पाऊण मीटर खाली येते. भोवतालची हवाच सेकंदाला २ मीटर खाली जात असेल, तर एकूण घट पावणेतीन मीटर होते, ३४ चे ९ उरतात आणि आपले दहा किलोमीटर पावणेतीनवर येतात. थर्मल जोरदार असतात त्या दिवशी त्यांच्या मधली उतरती हवाही तशीच जोरदार असते.

मी विद्यार्थ्यांना ६०० मीटरवर उतरण्याजोगा परिसर, ४५० मीटरवर एक नेमके वावर आणि ३०० मीटरवर उतरण्याच्या फेरीची सुरुवात, असा क्रम शिकवत असे. ही उंची खालच्या जमिनीपासूनची आहे. उड्डाणस्थळी शून्यावर लावलेला उंचीमापक डोंगराळ भागात ती दाखवत नाही, त्यामुळे नजरेवर भिस्त ठेवावी लागते. ३०० मीटरच्या खाली थर्मल सापडला तरी त्यात वळू नये. लक्ष हवेकडे लागते, वेग घटतो, ग्लायडर गिरकी घेते आणि सावरायला उंची उरलेली नसते.

वावरवाला:
मी विमान चालवत नाही, कापूस आणि हरभरा पिकवतो. तरी वावराविषयी सांगतो. एप्रिलमध्ये वरून गडद काळे दिसणारे वावर बहुधा नुकतेच नांगरलेले असते आणि आमच्या भारी जमिनीतील ढेकळे मोठी व टणक असतात. हरभरा काढून झालेले, अजून न नांगरलेले, फिकट दिसणारे वावर बरे. मात्र त्यात तुषार सिंचनाचे पाइप पडलेले असू शकतात. पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उभी असलेले वावर टाळावे. सलग वाटणाऱ्या दोन वावरांमध्ये धुरा (बांध) असतो आणि आता रोही (नीलगाय) व रानडुकरांच्या त्रासामुळे पुष्कळांनी धुऱ्यावर तारेचे कुंपण घातले आहे. ती तार वरून दिसेल असे मला वाटत नाही.

माजी प्रशिक्षक:
हे फार मोलाचे आहे. विजेची तारही दिसत नाही, म्हणून खांब शोधावेत आणि प्रत्येक दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरावे. सरी असेल तर तिच्या दिशेने उतरावे, आडवे नव्हे. उतार स्पष्ट दिसत असेल, तर वारा पाठीमागून असला तरी चढाच्या दिशेनेच उतरावे.

आर्वीकर:
आपल्या दोघांचे मनापासून आभार. मेमध्ये गावी आल्यावर टेकडीवरून वावरे निवडेन आणि मग प्रत्येकात चालत जाऊन धुरा, तार व ढेकळे तपासेन. किती अंदाज चुकले ते येथे लिहीन.