शब्दचर्चा : ‘व्यसनी’, ‘व्यसनाधीन’ की ‘दारू लागलेला’?

प्रश्न (गटप्रवर्तक, पेठ तालुका)

मी आशाताईंची गटप्रवर्तक म्हणून काम करते. आमच्या उपकेंद्रांच्या भिंतींवर लावण्यासाठी एक पत्रक तयार करायचे आहे. हाती आलेल्या मसुद्यातले मुख्य वाक्य असे आहे : ‘व्यसनाधीन व्यक्तींनी व मनोरुग्णांनी व्यसन प्रतिबंध व मानसिक आरोग्य समता साध्य करण्यासाठी नजीकच्या केंद्राशी संपर्क साधावा.’ मी ते चार आशाताईंना वाचून दाखवले. तिघी गप्प राहिल्या आणि चौथीने विचारले, ‘म्हणजे दारुड्यांना आन् येड्यांना बोलवायचं का?’ या वाक्यात नेमके कोणते शब्द बदलावेत आणि का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (नाशिक)

ताई, त्या आशाताईंनी वाक्याचा अर्थ बरोबर लावला आहे. गावात ते वाक्य तसेच ऐकले जाईल, आणि ज्याच्यासाठी पत्रक आहे तो माणूस भिंतीकडे पाठ करून निघून जाईल. आरोग्यविषयक पत्रकांचे मराठी तपासण्याचे काम मी नाशिकमध्ये बरीच वर्षे करते आहे. शब्द निवडताना मी एकच कसोटी लावते : ज्याच्याविषयी शब्द वापरला, त्याला तो स्वतःविषयी, स्वतःच्या तोंडाने, दाराशी उभे राहून उच्चारता येईल का? ‘मी व्यसनी आहे, मला तपासा’ असे म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. ‘मॅडम, दारू सुटत नाही हो’ असे म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले.

‘व्यसन’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण त्याच्या पोटात आपल्याला हवे ते बरेच काही आहे. संस्कृतात ‘वि’ आणि ‘अस्’ म्हणजे फेकणे यांपासून हा शब्द झाला, आणि त्याचा एक ठळक अर्थ संकट असा आहे. ‘उत्सवे व्यसने चैव दुर्भिक्षे राष्ट्रविप्लवे’ या सुभाषितात जो सोबत उभा राहतो तो बांधव असे सांगितले आहे. तिथे ‘व्यसने’ म्हणजे दारूच्या अड्ड्यावर नव्हे, तर संकटात. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावरच्या व्यसनांविषयी आहे आणि त्यात आग, पूर, रोगराई व दुष्काळ यांचाही विचार येतो. दुसरीकडे मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायची अठरा व्यसने मोजली आहेत, दहा कामातून उपजणारी आणि आठ क्रोधातून. मद्यपानाच्या जोडीने दिवसा झोपणे आणि चहाडी करणे हीसुद्धा त्या यादीत आहेत. म्हणजे कोसळलेले संकट आणि अंगचा दोष असे दोन्ही अर्थ या एका शब्दात शेजारी नांदत होते. मराठीने पुढे दोषाचा अर्थ ठेवला आणि संकटाचा सोडला.

तो पुरता सोडला नाही, असे मात्र मला वाटते, आणि माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे. आपली नामे आणि विशेषणे माणसावर शिक्का मारतात : दारुडा, बेवडा, गंजेडी, व्यसनी. क्रियापदे तसे करत नाहीत. आपण म्हणतो ‘त्याला दारूचे व्यसन जडले’, आणि रोगही जडतोच. आपण म्हणतो ‘त्याला दारू लागली’, जसे ‘ठेच लागली’, ‘भूक लागली’, ‘झळ लागली’. या सगळ्या वाक्यांत माणूस ‘त्याला’ या रूपात येतो आणि कर्तेपण दारूकडे, भुकेकडे किंवा झळीकडे जाते. ‘तो दारूच्या आहारी गेला’ हा वाक्प्रचार ऐकताना तर मला, पिणारा कोण आणि गिळला जाणारा कोण, हेच उलटे झालेले दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली जुन्या शब्दांऐवजी ‘अवलंबित्व’ या अर्थाची संज्ञा सुचवली, आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या वर्गीकरणात गैरवापर आणि अवलंबित्व हे दोन कप्पे एकत्र करून त्याला विकार म्हटले. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरची बाई ‘त्याला लागली हो’ असे म्हणते, तेव्हा याच समजुतीच्या बरीच जवळ असते. म्हणून पत्रकात नवा जडजंबाल शब्द घडवण्यापेक्षा हे क्रियापद उचलावे, असे मी सुचवते.

‘व्यसनाधीन’ हा शब्द ‘व्यसनी’पेक्षा बरा आहे, कारण त्यात निदान अधीन होणे आहे. तरीही तो पुस्तकी आहे आणि बोलताना कोणी वापरत नाही.

‘अंमली पदार्थ’ या जोडशब्दाविषयी थोडे थांबून सांगते. अरबीतून आलेल्या ‘अंमल’चा मराठीत रुळलेला अर्थ सत्ता, हुकमत असा आहे, अंमलदार आणि अंमलबजावणी त्याच घरातले. अफूचा ‘अंमल चढतो’ म्हणजे अफूचे राज्य सुरू होते. शब्द अर्थपूर्ण आहे, पण तो वाचताच लोकांच्या डोळ्यांसमोर पोलीस येतात. शिवाय या शब्दात दारू आणि तंबाखू आहेत असे कोणालाच वाटत नाही. गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनग्रस्ताला विवक्षित अटींवर खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम आहे. ही गोष्ट ज्याला सगळ्यात आधी कळायला हवी, तोच ‘अंमली’ हा शब्द पाहून दूर पळतो. पत्रकात पदार्थांची नावेच लिहावीत : दारू, गांजा, तंबाखू, गुटखा, मशेरी, झोपेच्या गोळ्या.

मशेरी मुद्दाम लिहिली. दिंडोरी भागात द्राक्षाच्या हंगामात मजूर बायकांची तपासणी चालू होती आणि मी प्रश्नावलीचे मराठी कसे चालते हे पाहायला बसले होते. ‘काही व्यसन आहे का?’ या प्रश्नाला एकामागून एक ‘नाही बाई’ अशी उत्तरे येत होती. एका मावशींनी ‘नाही’ म्हणता म्हणता कमरेच्या पिशवीतून पत्र्याची चपटी डबी काढली, झाकणावर टिचकी मारली, काळी पूड बोटावर घेतली आणि दातांवरून फिरवली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास तिथे पसरला. त्या खोटे बोलत नव्हत्या. ‘व्यसन’ पुरुषांचे असते आणि मशेरी हे दात घासणे असते, असा त्यांच्या भाषेत शब्दांचा हिशेब होता. त्यानंतर आम्ही प्रश्न बदलून ‘सकाळी उठल्यावर दातांना काय लावता आणि दिवसातून किती वेळा?’ असा केला, आणि मग उत्तरे आली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. घरच्या तव्यावरची मशेरी मात्र पटकन कोणाच्या लक्षात येत नाही.

आता ‘प्रतिबंध’. ‘प्रतिबंधक लस’ यात तो आरोग्याचा शब्द आहे, पण ‘प्रतिबंधात्मक कारवाई’ आणि ‘प्रतिबंधित क्षेत्र’ यांमुळे कानाला मनाईसारखा लागतो. ‘निवारण’ हा घडून गेल्यानंतरचा शब्द झाला आहे, जसे तक्रार निवारण. ‘मुक्ती’ तर बांधला गेलेल्याचीच होते. म्हणूनच शाळेत ‘व्यसनमुक्ती शिबिर’ असा फलक लावला की आठवीतली मुले एकमेकांकडे बोट दाखवून हसतात आणि सांगायचे ते राहून जाते. तिथे ‘लागण्याआधीच’ हा साधा शब्दप्रयोग चालतो : ‘तंबाखू लागण्याआधीच बोलू या.’

मनाच्या आजारांविषयी थोडक्यात लिहिते. ‘मनोरुग्ण’ म्हटले की ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची भिंत आठवते, आणि ‘मेंटल’ ही तर शिवी झाली आहे. लोक स्वतःविषयी म्हणतात ते असे : जीव घाबरतो, मन लागत नाही, झोप उडाली, डोक्यात विचारांचे चाक थांबत नाही, टेन्शन आहे. हीच वाक्ये पत्रकावर घ्यावीत. ‘नैराश्य’ वापरायचे असेल तर एक-दोन दिवसांच्या खिन्नतेला तो शब्द लागू नये, म्हणून ‘दोन आठवडे जवळजवळ रोज’ ही मुदत सोबत लिहावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवेच्या कायद्याने दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात येणे योग्यच आहे.

राहिला ‘समता’. नाशिककरांना हा शब्द शिकवावा लागत नाही. २ मार्च १९३० रोजी इथेच काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा सत्याग्रह सुरू झाला होता. पण मसुदा लिहिणाऱ्यासमोर इंग्रजीतला ‘इक्विटी’ हा शब्द असावा आणि त्याचा रोख थोडा वेगळा आहे. ब्रिटिश आरोग्य-संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास आरोग्यातल्या विषमतेची जी मांडणी केली, तिच्यात अनावश्यक, टाळता येण्याजोगा आणि अन्याय्य असा फरक अभिप्रेत आहे. बाह्यरुग्ण विभाग सकाळी सगळ्यांसाठी उघडतो, ही समानता झाली. सुरगाण्याहून दोन-अडीच तास एसटीने येणाऱ्या मजुराची त्या दिवशीची मजुरी बुडते आणि इथे नाशिक शहरातच, गंगापूर रोडवर राहणाऱ्याची बुडत नाही. हा फरक टाळता येतो आणि म्हणून तो अन्याय्य आहे. विधिकोशात यासाठी ‘समन्याय’ आहे, पण मला ‘रास्त’ हा शब्द जवळचा वाटतो. रास्त भावाचे दुकान गावोगावी आहे, आणि सगळ्यांना सारखेच नव्हे तर ज्याची गरज जास्त त्याला त्या मानाने, हा विचार त्या दुकानाच्या शिधापत्रिकांच्या रंगांतून लोकांनी वापरून पाहिलेला आहे. ‘आरोग्याचा रास्त वाटा’ असे म्हणून पाहा.

प्रतिसाद (सिडको, नाशिक)

मॅडम, आपले म्हणणे वाचले आणि मन थोडे अस्वस्थ झाले. आमच्या माहेरच्या गावात बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्यासाठी, मतदान घडवून आणले होते, त्यात माझी आई पुढे होती. रात्री दार लाथेने उघडणाऱ्याला आम्ही ‘दारू लागलेला’ म्हणायचे का? ‘दारुडा’ हा शब्द बायकांच्या हातातली एकमेव काठी होती, ती काढून घेऊ नये.

उत्तर (नाशिक)

ताई, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो आधीच माझ्या उत्तरात यायला हवा होता. घरात किंवा सभेत बायकांनी कोणता शब्द वापरावा हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त आरोग्य केंद्राच्या भिंतीविषयी बोलते आहे. पण व्याकरणाचा हाच मुद्दा आपल्या बाजूनेही उपयोगी पडतो. ‘त्याला दारू लागली’ यात कर्तेपण दारूकडे आहे आणि ते आजारापुरते बरोबर आहे. ‘त्याने तिला मारले’ यात कर्ता तोच आहे आणि तोच राहिला पाहिजे. ‘दारूने संसार मोडला’, ‘दारू त्याला मारायला लावते’ अशी वाक्ये पत्रकांत सर्रास आढळतात. त्यांत मारणारा माणूस वाक्यातून हळूच नाहीसा होतो. आजाराचे वाक्य आणि मारहाणीचे वाक्य एकत्र करू नये, आणि मारहाण झालेल्या बाईने कुठे जायचे ते पत्रकात वेगळे, ठळक लिहावे.

याच ओघात आणखी एक सूचना करते. ‘मनाचा निर्धार करा आणि आजच दारू सोडा’ हे वाक्य कृपया छापू नका. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर काही तासांत हात थरथरू लागतात, फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. अशा माणसाला निर्धाराइतकीच डॉक्टरांची गरज असते.

प्रश्नकर्ती (पेठ)

सर्वांचे मनापासून आभार. आशाताईंबरोबर बसून असा मजकूर केला आहे : ‘दारू, तंबाखू, मशेरी, गांजा लागला आहे आणि सुटत नाही? जीव घाबरतो, झोप लागत नाही, मन लागत नाही? हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. बरीच वर्षे रोज पीत असाल तर एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना भेटा. उपकेंद्रात या, किंवा मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६ या मोफत क्रमांकांवर बोला. घरात मारहाण होत असेल तर आशाताईंना सांगा.’ ‘रास्त वाटा’ खालच्या ओळीत घेतला आहे. चौथ्या आशाताईंनी ‘सुटत नाही’च्या जागी ‘सुटेना’ सुचवले आहे. त्याने अर्थ बदलतो का?

उत्तर (नाशिक)

बदलतो, आणि चांगल्या अर्थाने बदलतो. ‘दार उघडत नाही’ हे नुसते दाराविषयीचे विधान आहे. ‘दार उघडेना’ म्हणताना कोणीतरी ढकलून पाहिलेले असते. ‘सुटेना’ या रूपात त्या माणसाने सोडून पाहिले आहे, कदाचित पुष्कळदा, हे गृहीत धरले जाते. ‘सुटेना’च छापा.