बाळ झोपलेलं असताना गिटार की बँजो?

रंकाळाकाठची:
बाळाला तिसरा महिना लागलाय, मी माहेरी राजारामपुरीत आहे. रात्री पाजताना एका कानात इअरफोन लावून जुनी अमेरिकन लोकगीतं ऐकायचा नाद लागलाय. कार्टर फॅमिली, डॉक बॉग्ज, एलिझाबेथ कॉटन. जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळं त्या काळातलं गाणं लांबत नाही. ख्याल लावला तर आलाप संपायच्या आत ढेकर काढायची वेळ येते!

आईलाही चाली आवडल्या, पण अर्थ विचारला आणि पंचाईत झाली. बऱ्याच गाण्यांत पोरीला नदीकाठी नेऊन मारलेलं असतं. आता "बाळासमोर तसलं नको."

हात शिवशिवतायत. कॉलेजात गिटार वाजवायचे. तीच काढू की पाच तारांचा बँजो घेऊ? बाळाची डुलकी एवढाच वेळ, आणि पाळणा भिंतीपलीकडंच.

गंगावेसकर:
ताई, बँजोची घाई नको. इथं दुकानात मागितला की मिरवणुकीतला बटणांचा पुढं करतात. गिटारवर कार्टर फॅमिलीतल्या मेबेल कार्टरची पद्धत धरा: अंगठ्यानं खर्जाच्या तारांवर चाल, तर्जनीनं बारीक तारांवर हलका ठेका. प्लेक्ट्रम (तार छेडायची पट्टी) लावू नका, नुसत्या बोटांचा आवाज पाळण्यापर्यंत फारसा जात नाही.

आणि १९२७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टलला कार्टर फॅमिलीचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा मेबेल अठरा वर्षांची, आठवा महिना. खराब रस्त्यानं मोटारीतून गेले. फॅमिलीतली गायिका सारा, तिचं तान्हं पोरही बरोबर होतं. सप्टेंबरात मेबेलला हेलन झाली.

मिरजेचा तारवाला:
मी म्हणेन बँजोच. क्लॉहॅमर या वाजवायच्या पद्धतीत बोटाच्या नखानं तार वरून खाली मारायची आणि अंगठा आखूड पाचव्या तारेवर. ती तार एकाच सुरावर बोलत राहते, शाहिरामागच्या तुणतुण्यासारखी. पाठीमागून डफासारखा ताणलेला पडदा आणि आतला दांडा यांच्यामध्ये लंगोटाची घडी खुपसा, आवाज बराच बसतो. फार कोंबू नका, तारा बद्द वाजतात.

रंकाळाकाठची:
लंगोटांना तोटा नाही! पण आधी गिटारच. बाहेर काढली तर सगळ्या तारा गंजलेल्या, नवा सेट आणते. बँजोचं बाळ बसायला लागल्यावर बघू.

आईला मेबेलचं सांगितलं. गाण्यांचं राहिलं बाजूला, "आठव्या महिन्यात तसल्या रस्त्यानं नेलंच कशाला तिला?" यावरच गाडी अडलीय.