शब्दचर्चा : दुर्जनांचा उत्कर्ष, मनातले वैषम्य आणि देवावरचा हवाला

(अनुस्वार, रफार, काना, वेलांटी, दंड ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावे.)

अनुस्वार
एका प्रार्थनापुस्तिकेच्या मसुद्यात हे वाक्य आहे : ‘दुष्टांची भरभराट होत असतानाही देवावर विश्वास ठेवा.’ व्याकरणात खोट नाही, पण ज्याचे मन खरोखर पोळले आहे त्याच्या हाती या वाक्याने काहीच लागत नाही. दुष्ट, भरभराट, विश्वास हे तिन्ही शब्द नेमके आहेत का? आणि अशा वेळी मनात जे उठते त्याला काय म्हणायचे? मसुद्यात पुढे ‘दुष्टांविषयी असूया बाळगू नका’ असेही आहे.

रफार
असूया आधी काढा. तिथे अर्थच उलटा होतो. दुसऱ्याच्या गुणांतही दोष शोधायचा, त्याचे चांगले चांगले म्हणून सहन करायचे नाही, ही असूया. म्हणजे समोरच्यात गुण आहे हे ती गृहीत धरते. लबाडीने मोठ्या झालेल्या माणसाचे दोष दिसणे ही असूया नव्हे, ती साधी नजर आहे. ‘असूया बाळगू नका’ म्हणताना आपण वाचकाला नकळत सांगतो की तो माणूस गुणी आहे आणि खोट तुझ्या डोळ्यांत आहे. दुखावलेल्या माणसावर हा दुसरा अन्याय.

हेवा आणि मत्सर यांतही फरक आहे. ‘त्याच्यासारखे मला मिळावे’ हा हेवा. म्हणूनच ‘हेवा वाटावा असे अक्षर’ हे कौतुक ठरते. ‘त्याच्याकडे ते नसावे’ हा मत्सर, आणि ‘मत्सर वाटावा असे अक्षर’ कोणी म्हणत नाही. स्वतःची परीक्षा करायची तर दोन प्रश्न पुरतात. त्याचे सगळे गेले आणि मला काहीच मिळाले नाही, तर बरे वाटेल का? त्याचे तसेच राहिले आणि मलाही तेवढेच मिळाले, तर तक्रार संपेल का? पहिल्याला ‘हो’ असेल तर मत्सर, दुसऱ्याला ‘हो’ असेल तर हेवा. दोन्हींना ‘नाही’ आले, तरी आत काहीतरी सलत असेल, तर त्यासाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहे : वैषम्य.

‘मला त्याचे वैषम्य वाटते’ हे आपण सहज बोलतो, पण शब्दाचे पोट उघडून पाहत नाही. विषम म्हणजे जे सम नाही ते. वैषम्य म्हणजे असमपणा. तराजू तिरका झालेला दिसणे आणि तो तिरकेपणा मनाला लागणे, दोन्ही या एका शब्दात येते. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला हेच सुनावते : तुझी ही आपत्ती आणि सुयोधनाची (दुर्योधनाची) समृद्धी पाहून, ‘विषम’ पाहणाऱ्या विधात्याला मी दोष देते. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) ईश्वरावरच्या ज्या दोन आरोपांना उत्तर दिले आहे, त्यांतला पहिला आरोप वैषम्याचाच आहे, दुसरा नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. दर्शनशास्त्रात जो देवावरचा आरोप, तोच मराठीत माणसाच्या मनातला सल झाला. आपल्या विषयाला याहून नेमका शब्द मला सापडत नाही.

काना
वैषम्य मान्य, पण हेवा पूर्ण काढू नका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या ७३व्या स्तोत्रात कवी आसाफ स्वतःच कबूल करतो की दुर्जनांचा उत्कर्ष पाहून आपण उन्मत्तांचा हेवा केला आणि पाय घसरण्याच्या बेतात आले. तिथे हेवाच हवा. वैषम्य म्हटले तर त्याची कबुली सौम्य होते. ३७व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीतले क्रियापद मात्र वेगळे आहे. मूळ हिब्रू धातू ‘हारा’, म्हणजे पेटणे, तापणे. त्याला मराठीत ‘जळफळणे’ चपखल बसते. रागावू नको म्हटले की आगीची धग जाते.

विभक्तीकडेही लक्ष द्या : *त्याचा* हेवा करणे, *त्याचा* मत्सर करणे, *त्याच्यावर* जळफळणे, *त्या गोष्टीचे* वैषम्य वाटणे. वैषम्य माणसाचे नसते, घटनेचे असते. ‘मला शेजाऱ्याचे वैषम्य वाटते’ असे लिहिले की शब्द हेव्याच्या अंगाने घसरतो. ‘खोट्या साक्षीने तो सुटला याचे वैषम्य वाटते’ हे बरोबर.

वेलांटी
‘दुष्ट’ या शब्दाबद्दल. बोलण्यात हा शब्द क्रूरपणापुरता उरला आहे, आणि लाडानेही वापरला जातो (‘दुष्ट कुठला!’). गोड बोलून ठकवणारा, कागद फिरवणारा, दुर्बळाची जमीन गिळणारा माणूस वाचकाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. हिब्रूतला ‘राशा’ न्यायसभेतला शब्द आहे : दोषी, ज्याची बाजू खोटी आहे तो. त्याला ‘अन्यायी’ किंवा ‘अन्याय करणारे’ जवळचे. ‘दुर्जन’ चालेल, पण तो सुभाषितांतला वाटतो. ‘खळ’ मात्र जपून वापरा. पसायदानात (शके १२१२) खळ जावेत असे मागणे नाही, खळांची *व्यंकटी* सांडो असे आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माणूस आणि त्याचा वाकडेपणा वेगळे काढणारी ही ओळ ज्याच्या कानात आहे, तो ‘खळांचा नाश होवो’ वाचताना अडखळेल, आणि अडखळावेच.

भरभराट : हा शब्द निर्मळ आहे, शुभेच्छांत येतो. अन्यायाच्या पैशाला तो लावला की आपणच त्याला पावती देतो. मराठीने या कामासाठी वेगळे शब्द ठेवले आहेत. फावणे : ‘अशांचे फावते’, म्हणजे संधी साधली, लायकी नव्हे. चलती : आज आहे, उद्याचे माहीत नाही. माजणे : जनावर माजते, तण माजते. आणि नकारात येणारा एक फार मोलाचा शब्द, बरकत. ‘पैसा आहे पण बरकत नाही’ या वाक्यात संपत्ती आणि आशीर्वाद वेगवेगळे तोलले जातात. अरबी मुळाचा अर्थही आशीर्वादच.

काना
एक दुरुस्ती. ७३व्या स्तोत्रात दुर्जनांच्या उत्कर्षासाठी मूळ हिब्रू शब्द ‘शालोम’ आहे : शांती, क्षेम, सगळे यथास्थित असणे. खरे तर तो नीतिमानांच्या वाट्याला यावा असा शब्द. आसाफला टोचते ते हेच, की *आमचा* शब्द *त्यांच्या* घरी कसा? म्हणून तिथे ‘उत्कर्ष’सारखा चांगला शब्द हवाच. ‘चलती’ घातली तर कवीला जे सतराव्या कडव्यात, देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर उमगते, ते आपण तिसऱ्याच कडव्यात सांगून मोकळे होतो. पुस्तिकेचे वाक्य उपदेशाचे आहे, तिथे ‘चलती’ चालेल. स्तोत्राच्या भाषांतरात नाही.

अनुस्वार
दोन्ही पटले. आता ‘विश्वास’. विश्वास, श्रद्धा, भरवसा, भाव, निष्ठा यांतला कोणता?

रफार
भरवसा मला इथे धोक्याचा वाटतो. ‘पावसाचा भरवसा नाही’, ‘त्याच्या भरवशावर राहू नका’ : प्रत्येक वेळी अपेक्षित फळ डोळ्यांपुढे आहे. म्हणूनच ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण भरवशावरच बेतली आहे. ‘श्रद्धेच्या म्हशीला’ असे कोणी म्हणणार नाही. देवावर भरवसा आहे तो ठराविक दिवसांत त्याने अमुक करावे म्हणून, असे झाले की टोणगा ठरलेलाच. द्रौपदीला उत्तर देताना युधिष्ठिर धर्माचा व्यापार करणाऱ्याला ‘धर्मवाणिज्यक’ म्हणतो आणि हीन ठरवतो. इतका धारदार शब्द मराठीत आला नाही याची हळहळ वाटते.

विश्वास शब्द बरा, पण झिजला आहे. बातमीवरही ठेवतात, बँकेवरही. ‘देवावर विश्वास आहे’ याचा अर्थ आज बहुधा ‘देव आहे असे मानतो’ एवढाच घेतला जातो. अन्यायी माणूस मजेत असताना प्रश्न देव आहे की नाही हा नसतो. आहे तर गप्प का, हा असतो. त्यामुळे ‘विश्वास ठेवा’ हे उत्तर भलत्याच प्रश्नाला जाते. भाव चालेल (‘त्याच्यावर भाव ठेव’), फक्त जुन्या वळणाचा आहे. निष्ठा टिकण्याबद्दल बोलते, सोपवण्याबद्दल नाही.

दंड
सोपवण्याचा शब्द आपल्याकडे आहे आणि तो रोजच्या बोलण्यातला आहे : देवावर हवाला. अरबी व्यवहारातला ‘हवाला’ म्हणजे येणे दुसऱ्यावर वळते करणे. त्यात तीन पक्ष असतात. ज्याचे येणे आहे तो धनको, ज्याने द्यायचे तो ऋणको, आणि ते येणे चुकते करण्याचे ज्याने पत्करले तो तिसरा. हवाला झाला की धनकोने ऋणकोच्या दारात जायचे नाही, तिसऱ्याकडे मागायचे.

आता हे आपल्या विषयावर ठेवून पाहा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे येणे आहे, आणि ते खरे आहे. देवावर हवाला टाकला म्हणजे येणे सोडले असे नाही. ‘जाऊ दे, विसर’ हा उपदेश कर्जमाफीचा झाला, हवाल्याचा नव्हे. बदलतो तो तगाद्याचा पत्ता. रात्रभर मनातल्या मनात त्या माणसाच्या दारात उभे राहून भांडायचे, ते बंद. मागायचे ते देवापाशी, आणि तिथे हवा तितका तगादा लावावा, ‘किती काळ?’ असे विचारणारी स्तोत्रे तगादेच आहेत.

कुठे बिघडते तेही सांगतो. हवाला टाकून पुन्हा ऋणकोकडे वसुलीला जाणे ही नेहमीची चूक : तोंडाने ‘देव बघून घेईल’ आणि मनात सुडाची आखणी. दुसरी चूक उलट बाजूची : ‘देवावर हवाला’ म्हणून हातपाय गाळणे. हवाला येण्याचा असतो, कर्तव्याचा नाही. तक्रार नोंदवणे, साक्ष देणे, दुबळ्याच्या बाजूने उभे राहणे हे आपल्याच खाती राहते. ३७व्या स्तोत्रात ‘भाव ठेव’ला लागूनच ‘बरे ते कर’ आहे.

त्याच स्तोत्रात पाचव्या कडव्याचे क्रियापद ‘गोल’, म्हणजे लोटणे, गडगडत नेणे. जड धोंडा उचलता येत नाही तो लोटत न्यावा तसे. तुकोबांचे ‘देवावरी भार घालूनियां’ याच अंगाचे. अरबी ‘तवक्कुल’ (देवावर सोपवून राहणे) आणि आपला ‘वकील’ एकाच मुळाचे : आपले प्रकरण ज्याच्या हाती दिले तो वकील. तीन परंपरा, तिन्हींत ओझे किंवा प्रकरण दुसऱ्याच्या हाती जाते. भावनेपेक्षा कृतीचा शब्द सापडला की दुखावलेल्या माणसाला काहीतरी *करता* येते.

वेलांटी
अर्थ सुंदर आहे, पण शीर्षकात ‘हवाला’ नको. आजच्या वाचकाला बेकायदा पैशांची उलाढाल आठवेल. ‘संदर्भ देणे’ हाही अर्थ वाटेत येतो. ‘हवाली करणे’ घ्या, त्याला तो डाग लागलेला नाही.

आणि एका मात्रेकडे लक्ष असू द्या. ‘*दैवावर* हवाला’ हाही प्रयोग रूढ आहे आणि छपाईत देव-दैव सर्रास बदलतात. दैव शब्द देवावरूनच आला, पण मराठीत तो नशिबाचा झाला (‘दैव देते आणि कर्म नेते’). दैवावर टाकले की ऐकणारा कोणी उरत नाही. वर जो तगादा सांगितला तो दैवाला लावता येत नाही.

काना
‘कधी?’ या प्रश्नाचे शब्दही बघून घ्या. ‘पापाचा घडा भरला’, ‘शंभर अपराध भरले’ : दोन्हींत क्रियापद भरणे. शंभराचा आकडा शिशुपालाचा, आणि मोजणारा कृष्ण, शिशुपाल नव्हे, प्रेक्षकही नव्हेत. हे वाक्प्रचार आपण दुसऱ्याच्या आजारपणावर किंवा अपघातावर चिकटवतो तेव्हा मोजणी आपल्या हाती घेतलेली असते. पुस्तिकेत ते मुळीच नकोत, कारण तेच वाक्य उद्या एखाद्या निरपराध आजारी माणसावर फिरते.

मनुस्मृतीत (४.१७२) एक चांगली उपमा आहे : अधर्म लगेच फळत नाही, ‘गौरिव’, म्हणजे ‘गौ’सारखा. गौ म्हणजे गाय आणि पृथ्वीही. पृथ्वी घेतली तर अर्थ, पेरले आणि लगेच उगवले असे होत नाही. पुढे १७४व्या श्लोकात अधर्माने माणूस आधी वाढतो, भले पाहतो, शत्रूंना जिंकतो, आणि मग समूळ जातो. वाढ खरी आहे हे तिथे नाकारलेले नाही. ‘त्यांची भरभराट खोटी आहे’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण वाचकाच्या डोळ्यांना ती खरी दिसत असते, आणि तिथेच त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

अनुस्वार
नवा मसुदा : ‘अन्याय करणाऱ्यांची चलती पाहून वैषम्य वाटले, तर ते देवापाशी बोलून दाखवा. झालेल्या अन्यायाचा हिशेब त्याच्या हवाली करा आणि आपल्या हातून बरे ते करत राहा.’

दंड
‘हिशेब’ऐवजी ‘फिर्याद’ घ्या. हिशेब आकड्यांचा असतो आणि तो देऊन माणूस गप्प होतो. फिर्याद देणाऱ्याचा आवाज तसाच राहतो; मूळ फारसी शब्दाचा अर्थच आक्रोश. ‘झालेल्या अन्यायाची फिर्याद त्याच्या हवाली करा.’ बाकी ठीक.

रफार
‘वैषम्य वाटले, तर’ यातला ‘तर’ काढून ‘वाटते तेव्हा’ करा. ‘तर’मुळे ते वाटणे अपवाद ठरते.

अनुस्वार
दोन्ही बदल केले. ‘देवापाशी’ची मात्रा मुद्रितात पुन्हा तपासतो.