सुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडणं बरोबर की चूक?

सह्यकडा: २०२५ मध्ये एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड, पाचही देशांनी ओटावा करार सोडायचं ठरवलं. माणसांवर वापरायचे भूसुरुंग बनवायचे नाहीत, साठवायचे नाहीत, पेरायचे नाहीत असा १९९७ चा हा करार. कारण काय, तर शेजारी रशिया. मला याचा खरंच संताप येतो. युद्धाचे नियम युद्ध दारात आल्यावरच पाळायचे असतात ना, धोका दिसला की सोडायचे तर केलेत कशाला? बॉस्नियाचं युद्ध १९९५ ला संपलं तरी २०१४ च्या पुरात तिथले सुरुंग वाहून भलतीकडेच गेले, म्हणजे साफ केलेल्या जमिनीवरही पाय ठेवायची चोरी.

रोखठोक: इथे बसून बोलणं सोपं आहे हो. फिनलंडची रशियाशी सीमा १३०० किलोमीटरच्या वर आणि लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास, एवढ्या सीमेवर माणसं उभी करणार कुठून? रशियाने सही केलेलीच नाही आणि युक्रेनमधे शेतंच्या शेतं सुरुंगांनी भरून टाकलीत. आपण तरी कुठे सही केलीय? भारत, पाकिस्तान, चीन, अमेरिका सगळे बाहेरच आहेत.

निशिगंध: आपलंच उदाहरण घ्या ना मग. संसदेवरच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान सीमेवर सैन्य जमवलं त्या ऑपरेशन पराक्रममधे पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सीमेवर लोकांच्या शेतात सुरुंग पेरले. युद्ध झालंच नाही, पण पेरताना-काढताना आपलेच जवान गेले, शेतकऱ्यांचे पाय गेले, जमिनी पडीक राहिल्या. आणि हे सुरुंग कुठे पेरले त्याचे नकाशे ठेवणाऱ्या शिस्तीच्या सैन्याचं सांगतेय मी.

रोखठोक: ती किंमत मी नाकारत नाही. पण २०२२ मधे युक्रेनच्या बुचा शहरात रशियन सैन्याने ताबा असताना नागरिकांना मारलं ते आठवा. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या गावात नागरिकांना कुठला कायदा वाचवतो? सैन्य सीमेवरच अडलं तर तीही नागरिकांची सुरक्षाच आहे की.

सह्यकडा: मान्य, पण सैन्य अडवायला हेच हत्यार का? करारात रणगाडाविरोधी सुरुंगांवर बंदी नाहीये, सैनिकाने स्वतः बघून बटण दाबून उडवायच्या सुरुंगांवरही नाही. बंदी आहे ती पाय पडला की आपोआप फुटणाऱ्यावर, मग तो पाय कुणाचाही असो. नॉर्वेची सीमाही रशियाला लागून आहे, ते थांबलेत ना करारात.

रोखठोक: नॉर्वेची सीमा २०० किलोमीटरसुद्धा नाही, तुलना कुठे करताय? आणि युक्रेन तर करारातच होता, त्यानेही २०२५ मधे करार स्थगित केल्याचं जाहीर केलं. ज्याच्यावर हल्ला झालाय त्याला तुम्ही नियम शिकवणार?

निशिगंध: हो, कारण स्थगितीची सोयच करारात नाही. बाहेर पडायला सहा महिने लागतात, आणि तेव्हा युद्ध चालू असेल तर ते संपेपर्यंत सुटकाच नाही, कलम २० मधे सरळ लिहिलंय. पाच देश आत्ताच, शांतता असताना का निघाले ते यावरून कळतं. युक्रेनवर मी रागावू शकत नाही, पण उद्या तीच शेतं नांगरायला त्यांचेच लोक जाणार आहेत.