'बॅलन्स्ड एन्काउंटर'ला मराठीत काय म्हणावं?

फासेवाला:
दोन भाच्यांना डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत पात्रं बनून खेळायचा गोष्टीचा खेळ, मराठीतून खेळवतो. एक योद्धा, एक जादूगार. छापील मोहिमा बहुधा चार-पाच जणांच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात, म्हणून प्रत्येक लढतीला कात्री लावावी लागते. त्याची वही मराठीत लिहायला घेतली आणि 'बॅलन्स्ड एन्काउंटर'पाशी, म्हणजे खेळाडूंच्या ताकदीच्या मापाने बेतलेल्या लढतीपाशी, गाडी अडली. 'संतुलित सामना' म्हटलं की आहारतज्ज्ञाने नेमून दिल्यासारखं वाटतं. 'एन्काउंटर' तसाच ठेवावा, तर त्याचा अर्थ मुंबई पोलिसांनी केव्हाच पक्का करून टाकलाय.

सांजवारा:
'चकमक' आहे की! आणि बॅलन्स्डला 'तुल्यबळ' किंवा 'तोडीस तोड'.

लालमाती:
चकमक चालेल, तुल्यबळ नको. आखाड्यात तुल्यबळ जोड लावतात, कारण कोणीही चीत झाला तरी मैदान रंगतंच. इथे निम्म्या वेळा राक्षस जिंकला तर दुसऱ्या रविवारी खेळायला येणार कोण?

निशाचर:
बरोबर. ही लढत खेळाडूंनी बहुतेक वेळा जिंकावी, पण घाम गाळून, अशीच बेतलेली असते. म्हणून माझं मत 'झेपणारी चकमक'. 'झेपणे'मध्ये 'कोणाला?' हा प्रश्न आपसूक येतो, आणि 'बॅलन्स्ड'मध्ये नेमका तोच हरवतो.

ओगर हा धिप्पाड राक्षस घ्या. २०१४च्या नियमांत त्याचं चॅलेंज रेटिंग (अवघडपणाचा आकडा) २, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या चौघांनी कोणी न मरता त्याला लोळवावं ही अपेक्षा. त्याला हरवण्याचे गुण (एक्सपी) ४५०. चौघांसाठी ती चकमक 'मध्यम' भरते. दोघांसाठी 'जीवघेणी' या सगळ्यात वरच्या श्रेणीची रेघ ४०० गुणांवरच आहे. शिवाय अवघडपणा मोजताना राक्षसांच्या गुणांना एक गुणक लावतात, तो तिघांपेक्षा लहान गटाला एक पायरी चढतो, म्हणजे दीडपट, ६७५. २०२४च्या नियमांत तो गुणक काढून टाकलाय, तरी दोघांची वरची मर्यादा ४००च, त्यामुळे ओगर तिथेही जडच जातो.

आकडे सोडा, पटावर काय होतं ते बघा. ओगरच्या सोट्याचा फटका म्हणजे दोन आठपैलू फासे अधिक चार, सरासरी तेरा. दुसऱ्या पातळीच्या जादूगाराकडे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, बारा-चौदा. एक फटका नीट बसला की गडी आडवा! चौघांतला एक पडला तर पाव ताकद जाते, दोघांतला पडला तर निम्मी. वर उरलेल्याने त्याला उठवायचं की ओगरला मारायचं? म्हणून नुसते ओगरचे (२०१४च्या नियमांतले) ५९ हिट पॉइंट निम्मे करून भागत नाही. लढत लवकर आटोपते खरी, पण पहिला फटका तेवढाच कडक. त्यापेक्षा सोट्याचा एक फासा काढा, सरासरी साडेआठवर येते.

फासेवाला:
'झेपणारी' घेतला. आता 'ॲक्शन इकॉनॉमी', म्हणजे एका फेरीत कोणाच्या वाट्याला किती कृती येतात ते?

निशाचर:
'पाळ्यांचं गणित'. 'कृती-अर्थव्यवस्था' लिहिणाऱ्याची एक पाळी कापावी. दोघांसमोर सहा गॉब्लिन आले तर एका फेरीत तुमच्या दोन पाळ्या, त्यांच्या सहा. २०१४च्या नियमांत एकेक गॉब्लिन सात हिट पॉइंटचा किरकोळ गडी, पण सगळे मिळून भारी पडतात. एकदम सोडू नका. आधी दोन, बाकीचे शिंग वाजल्यावर दोन फेऱ्यांनी.

सांजवारा:
पाळ्या वाढवायच्या तर दोघांना जोडीला एखादा साधा लढवय्या द्यावा ना? इंग्रजीतल्या 'साइडकिक'साठी 'सोबती'. 'चेला' नको, तो ऐकतो.

लालमाती:
आमच्याकडे 'गडी' म्हणतात, पण त्याचे फासे भाच्यांना टाकू द्या. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात गेला की सगळे राक्षस तोच मारतो.

फासेवाला:
मग राहिला 'डेडली'. 'प्राणघातक' की 'जीवघेणी'?

निशाचर:
जीवघेणी. प्राणघातक हल्ले वर्तमानपत्रात होतात.