फुजिवारा नो तेइका: दरबारी कवीचा चरितार्थ

प्रश्न:
क्योतोच्या दरबारातील फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) यांच्यासारख्या उमरावांचा चरितार्थ केवळ काव्यावर चालत असे काय?

उत्तर:
नाही. उत्पन्न 'शोएन' म्हणजे खासगी जहागिरींतून येई. मात्र ११८५ नंतर कामाकुराच्या लष्करी सत्तेने नेमलेले 'जितो' हे कारभारी त्यात हात घालू लागले. तेइकांच्या 'मेइगेत्सुकी' या चिनी लिपीतील रोजनिशीत उत्पन्नाची चिंता, आजारपण आणि बढतीची हुरहुर पुन्हापुन्हा येते.

दुसरे उत्तर:
तरीही काव्याला कमी लेखू नये. तरुणपणी राजवाड्यात एका सहकाऱ्याच्या तोंडावर काकडा मारल्यामुळे तेइकांना दरबारबंदी झाली, तेव्हा वडील शुन्झेई यांनी विनवणीसोबत कविताच पाठवली. (स्वभाव तापटच!) पुढे १२२० मध्ये एका कवितेमुळे निवृत्त सम्राट गोतोबा यांची त्यांच्यावर खप्पामर्जी झाली, पण वर्षभरात कामाकुराविरुद्धचा उठाव फसून गोतोबाच ओकी बेटावर हद्दपार झाले, आणि ती खप्पामर्जी तेइकांच्या पथ्यावर पडली.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. त्यांना हवे ते पद मिळाले काय?

दुसरे उत्तर देणारे:
होय, १२३२ मध्ये, सत्तरीत. तेही वर्षभरही टिकले नाही.